तीनदा सिंक

सोमवार, ११ फेब्रुवारी २००२

आज दवाखान्यात नुसता आरडाओरडा. देवळाली कॅम्पचे देवरामशेठ – बाजारात किराणा दुकान आहे त्यांचं – सरळ निरगुडे साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. साहेब ट्रस्टचे सेक्रेटरी. दार उघडंच राहिलं, त्यामुळे इकडे कॉम्प्युटर रूममध्ये बसून मला शब्दन् शब्द ऐकू आला.

शेठच्या मुलाचं, रविराजचं, जानेवारीत आमच्याकडे हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्याआधी रक्त तपासलं, त्यात एचआयव्ही निघाला. डॉक्टर बाईंनी रविराजला एकट्याला आत बोलावून सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही, हा नियमच. आणि परवा हरसूलहून मुलीकडच्यांनी साखरपुड्याचं सगळं परत पाठवलं. लग्न मोडलं! बरोबर एवढाच निरोप – पोराचं रक्त बघून घ्या.

"मला बापाला म्हाईत नाय, त्याच्या आईला म्हाईत नाय, अन् हरसूलला कसं म्हाईत? तुमच्या भिंतींना तोंडं फुटली का?"

ते गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. "कारभारी, हे तुमच्या मशीनमधून बाहेर गेलंय. रिपोर्ट कोणी उघडला ते मला शोधून द्या."

मी म्हणालो, "पाहतो, साहेब."

"पाहतो नको. नाव द्या. शेठ कोर्टात गेले तर दवाखान्याला कुलूप लावावं लागेल."

नाव. जे कोणाचं निघेल त्याची नोकरी गेली, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

सकाळी दिवा लावून बाहेर पडलो तरी मन थाऱ्यावर नव्हतं.

असे रिपोर्ट डॉक्टर बाई स्वतः टाइप करतात. फाईल त्यांच्या खात्यात. दुसरा कोणी उघडायला गेला तर मशीन "परवानगी नाही" म्हणून परत पाठवतं. फक्त रूटला पाठवत नाही. रूट म्हणजे मशीनचा धनी. आमच्याकडे रूट म्हणजे मीच.

ग्रेप लावला. मशीनला द्यायच्या हुकमांत हा माझा सगळ्यात आवडता. सुपातलं धान्य पाखडावं आणि खडे तेवढे एका कडेला यावेत, तसा हजारो ओळींतून हवी ती ओळ काढून देतो. जानेवारीत रूट कोण कोण झालं, तेवढंच मागितलं.

सगळीकडे मी. मी. मी. आणि एका दिवशी – तेवीस जानेवारी, दुपारच्या सुट्टीत – "लॅब" नावाच्या खात्यातून कोणीतरी रूट झालं.

तेवीस जानेवारीला मी कळवणला होतो. मोठ्या भावाचं वर्षश्राद्ध.

मशीनमध्ये कोणीतरी माझं नाव लावून फिरून गेलं! आणि त्यात दोष कोणाचा? पासवर्ड माझा. सप्तशृंगी. मशीन आलं त्या दिवसापासून तोच. रोज सकाळी बोटांनी देवीचं नाव घेऊनच काम उघडायचं, असं तेव्हा मनाशी ठरवलं होतं. टेबलावर देवीचा फोटो. नवरात्रात वणीच्या गडावर जाऊन आलो की सगळ्या दवाखान्यात प्रसाद वाटतो. ज्याला डोकं आहे त्याला पासवर्ड शोधावा लागेल काय?

बुधवार, १३ फेब्रुवारी

लॅबचं खातं तिघांकडे आहे. इथल्या लॅबमध्ये किशोर आणि हर्षाली. आणि देवळाली कॅम्पच्या रक्त घेण्याच्या केंद्रावरचा माणूस, तो तिथून मोडेमवरून जोडून घेतो.

खरं सांगतो, मनातून मी देवळालीकडे बोट दाखवायला तयार होतो. रविराज तिथलाच. गोष्ट तिथंच फुटली असेल.

पिंग करून पाहिलं. आज उत्तर आलं. लहानपणी ओढ्याच्या या काठावरून पलीकडच्या शेतात हाक मारायचो. तिकडून "ओ" आला की माणूस आहे, नाही आला की नाही. पिंग एवढंच करतं, हाक मारतं आणि "ओ" ची वाट बघतं. मग जुन्या नोंदी काढल्या. जानेवारीच्या त्या आठवड्यात रस्ता खोदताना टेलिफोनची केबल तुटली होती. आठवडाभर देवळालीहून एकदाही "ओ" नाही.

म्हणजे देवळाली नाही.

राहिले दोन.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

लॅबमध्ये गेलो. कशासाठी जातोय हे लपवता आलं नाही मला. तोंडावर दिसतं म्हणे माझ्या.

किशोरने नळ्या ठेवता ठेवता आवाज दिला, "या या, सीआयडी साहेब! आमची झडती घ्यायची का? या खिशात तंबाखू आहे, घरी सांगू नका फक्त."

मी म्हणालो, "तेवीस तारखेला दुपारी कुठे होतास?"

"काका, काल दुपारी कुठे होतो ते आठवत नाही मला. बायकोला विचारा, ती सगळं लिहून ठेवते." मग एकदम गंभीर झाला. "खरंच कोणाची नोकरी जाणार का हो?"

हर्षाली कोपऱ्यात टाइप करत होती. किशोर काही बोलला की एरवी खुदकन हसते. आज नाही.

हर्षाली हरसूलची. वडिलांची डोंगरउतारावर भात-नागली. घरात पहिली बारावी झालेली. आमच्याकडे कंत्राटावर टायपिस्ट म्हणून आली आणि महिनाभरात माझ्या दाराशी उभी राहिली – काका, त्या काळ्या पडद्यावर तुम्ही काय लिहिता ते मला शिकवा ना. शिकवलं. मी गावच्या शाळेत पाढे घोकले तशा तिच्याकडून कमांडा घोकून घेतल्या. माझी मुलगी सासरी गेल्यावर मला असे प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं.

परत येताना जिन्यात साहेब भेटले. "ती टायपिस्ट हरसूलचीच ना?"

मी म्हणालो, "हरसूल मोठं गाव आहे, साहेब."

मोठं कसलं! आठवड्याच्या बाजारात अख्खं गाव एकमेकांना भेटतं.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

सापडलं.

नको होतं.

मशीन एक गोष्ट मुकाट्याने करत असतं. रूटने जे जे टाइप केलं ते सगळं एका लपलेल्या फाईलमध्ये लिहून ठेवतं. तारखा नसतात, पण क्रम असतो. बावीसचं माझं काम ओळखू आलं, चोवीसचं ओळखू आलं. मधल्या सात-आठ ओळी माझ्या नव्हत्या. डॉक्टर बाईंच्या कप्प्यात कोणीतरी गेलं. ग्रेप – रविराजचं नाव. फाईल उघडली. बाहेर आलं. आणि मग

सिंक
सिंक
सिंक

किती वेळ त्या तीन ओळींकडे बघत बसलो! सिंक म्हणजे डोक्यात आहे ते डिस्कच्या तबकडीवर उतरव, असं मशीनला सांगणं. एकदा म्हटलं तरी पुरतं. पण मला शिकवणाऱ्या मद्रासी सरांनी तीनदा लिहायला लावलं होतं, जुन्या मशीनची रीत म्हणून. मी ती रीत का धरली ते मी फक्त एका माणसाला सांगितलंय. आपण पूजा संपवताना शांतिः तीनदा म्हणतो ना, तसं. मशीनमधून उठताना तीनदा सिंक, मग हात काढायचा.

किशोरला सिंक माहीतच नाही.

चोरून आत आली. आणि निघताना शांतिपाठ म्हणून गेली!

रविवार, १७ फेब्रुवारी

दोन दिवस कोणाला काही बोललो नाही. साहेबांना म्हणालो, अजून शोधतोय. आयुष्यात साहेबांशी खोटं बोललो नव्हतो.

सकाळी कपालेश्वराला गेलो. प्रदक्षिणा घालताना तीच गोष्ट डोक्यात गरगरत होती, देवाकडे लक्षच गेलं नाही. वत्सलाने आज भरीत केलं होतं. मी दोन घास खाऊन ताट सरकवलं.

"कोणाशी भांडलात का?"

"नाही."

"मग माझ्याशी भांडा. पण जेवा तरी."

सांगितलं तिला सगळं. तिने भाकरीचा पापुद्रा सोडवला. मग म्हणाली, "आधी पोरीला विचारा. मशीनला विचारलंत, तिला नाही विचारलंत."

सोमवार, १८ फेब्रुवारी

हर्षालीला जिन्याखाली बोलावलं. तिथं बॅटऱ्या ठेवल्यात, कोणी फिरकत नाही.

मी फक्त एवढंच म्हणालो, "तीनदा सिंक केलंस."

तिचा चेहरा उतरला. पण रडली नाही. "हो, काका."

मग सांगितलं. नवरी मुलगी सरिता तिच्याच आळीतली. दोघी शाळेत एका बाकावर. सरिताची आई, अंबूबाई, हर्षालीच्या घरी येऊन बसली. "बाय, तू त्या दवाखान्यात हाय. पोराचं आपरेशन तिथंच झालं म्हणं. काय खोड तर नाय ना? तेवढं बघ, पोरीचा जलम हाय." आमच्या भागात हे असंच चालतं. मुलाची चौकशी करताना त्याच्या गावचा कंडक्टर, पोस्टमन, दुकानदार, कोणालाही विचारतात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. हर्षाली नाही म्हणाली. पण डोक्यातून जाईना.

"म्हणून पाहिलं. चुकलं माझं. पण पाहिलं फक्त, काका. सांगितलं नाही."

"अंबूबाईला काय म्हणालीस?"

"मला तिथलं काही दिसत नाही म्हणाले. तोंडावर खोटं बोलले. जेवण जात नव्हतं मला. रोज वाटायचं, आज सांगते, आज सांगते. लग्न मोडलं कळलं तेव्हा देवाला हात जोडले मी. पण मी नाही सांगितलं."

"एवढं कळल्यावर गप्प कशी राहिलीस?"

"तुम्हीच म्हणाला होता ना. रूटला सगळं दिसतं, म्हणून रूटने तोंड उघडायचं नाही."

म्हणालो होतो. पहिल्या आठवड्यात.

तिचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. खोटं बोलणाऱ्याचे हलतात, असं मी धरून चालतो. पण मी माणसं ओळखायला कधी शिकलो? माझं सगळं शिक्षण नोंदींचं. नोंद म्हणते, ती आत गेली. हरसूलला कळलं. मधली वाट दुसरी कुठली?

मंगळवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. ऑफिस बंद, वॉर्ड तेवढे चालू. किल्ली घेऊन मी एकटाच कॉम्प्युटर रूममध्ये जाऊन बसलो. बाहेर मिरवणुकीचे ढोल.

त्या फाईलमधल्या सात-आठ ओळी. खोडायला एक कमांड पुरे. मोठ्या नोंदीतली "लॅब"ची ओळही काढता येते. रूटला कोण अडवणार? मग साहेबांना सांगायचं, काही सापडलं नाही. देवळालीची लाइन, जुनं मशीन, काहीही. साहेबांना पडद्यावरचं ओ की ठो कळत नाही. हर्षाली राहील. रविवारी वत्सला मला जेवायला वाढेल आणि मी जेवेन.

कमांड टाइप केली. एंटर तेवढं राहिलं होतं.

बोट तसंच वर धरून बसलो. ढोल जवळ आले, लांब गेले. मला वाटत होतं, देवीच्या नावाने आत यायचं आणि आत येऊन पुरावा पुसायचा? या खोलीत मी एकच गोष्ट सांभाळली – मशीन सांगेल ते खरं. तेच मोडलं तर उद्या दुसऱ्या कोणाचा रिपोर्ट बदलला गेला, कोणाला चुकीचं रक्त चढलं, तर मी कुठल्या तोंडाने नोंद दाखवणार?

आणि रविराजचं काय? त्याचं गुपित उघड्यावर पडलंच ना. त्याच्या बाजूने कोण बसलंय या खोलीत?

एकेक अक्षर मागे घेत कमांड पुसली. मग प्रिंट काढला.

देवा, हे बरोबर असू दे.

बुधवार, २० फेब्रुवारी

मीटिंग. निरगुडे साहेब, डॉक्टर बाई, एक ट्रस्टी. मी कागद ठेवला. काय ते समजावून सांगितलं. माझा पासवर्ड सगळ्यांना माहीत होण्यासारखा होता, तो दोष माझा, हेही सांगितलं. आणि हर्षाली काय म्हणते तेही – पाहिलं, पण सांगितलं नाही.

ट्रस्टी हसले. "चोर असंच म्हणतो. कपाट उघडलं, पण घेतलं काही नाही."

डॉक्टर बाई म्हणाल्या, "थांबा. तिने पाहिलं ते या कागदावर आहे. सांगितलं ते कुठे आहे?"

साहेब चिडले. "बाई, हरसूलची मुलगी, हरसूलचं लग्न. आणखी काय पाहिजे?" मग माझ्याकडे वळले. "कारभारी, तुम्ही ओळखता तिला. तुम्हीच शिकवलंय. तुमचं काय मत?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. ती माझी शिष्या, म्हणून मी तिला झाकतोय असं कोणाला वाटू नये – त्या क्षणी डोक्यात एवढंच होतं. दुसरं काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "पाहिलं म्हणजे सांगितलंच असणार, साहेब."

डॉक्टर बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

तिला कामावरून काढल्याचं ऑफिसने कळवलं. मी रजा काढली. घरीच होतो.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

आज सामान न्यायला आली. सामान कसलं, एक डबा, एक स्वेटर. दाराशी थांबली. मला वाटलं, बोलेल काहीतरी. बोलावं असं वाटत होतं मला. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

"काका, लॅबच्या मशीनचा बॅकअप या आठवड्याचा राहिलाय. टेप बदलून ठेवलीय मी. किशोरभाऊंना जमायचं नाही."

"तू आता काय करणार?"

"बघू. नागली आहे घरी."

"हर्षाली..."

"तुमचं काही चुकलं नाही, काका. तुम्ही कागदावर होतं तेच दिलंत." डबा उचलला. "पण तुम्हाला मी खरं सांगितलं होतं."

किशोर तिला नाशिकच्या स्टँडवर सोडायला गेला. आल्यावर माझ्याशी बोलला नाही. दिवसभर एकही चेष्टा नाही. लॅबमध्ये मशीनच्या पंख्याचा आवाज एवढा मोठा आहे हे मला आज कळलं.

सोमवार, २५ फेब्रुवारी

पासवर्ड बदलला. अक्षरं, आकडे, काही अर्थ नाही त्याला. रोज सकाळी दोनदा चुकतो.

रविवार, ३ मार्च

वत्सला म्हणाली, "हरसूलच्या बाजाराला जाऊन या एकदा. पोर दिसेल."

मी म्हणालो, "कशाला? काय बोलू?"

"बोलू नका. नागली घेऊन या तिच्या बापाकडून."

नाही गेलो. तिने केलं ते चूकच होतं, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो. दुसऱ्याचा रिपोर्ट उघडणं चूकच. हे कोणीही कबूल करेल. मग झोपेतून उठल्यावर पहिल्यांदा तेच का म्हणावं लागतं?

मंगळवार, १२ मार्च – महाशिवरात्र

उपास. कपालेश्वराला रांगेत उभा राहिलो. या देवळात महादेवासमोर नंदी नाही; देवाने नंदीला गुरू मानलं, म्हणून समोर बसवलं नाही, असं सांगतात. लहानपणापासून पाहतोय, कधी काही वाटलं नव्हतं. आज गाभाऱ्यासमोरची ती मोकळी जागा बघवेना. बेल वाहिला. मागायला काही सुचलं नाही.

देवरामशेठ कोर्टात गेले नाहीत. टायपिस्ट मुलीला काढलं, एवढ्याने समाधान झालं म्हणे. साहेब खुश. माझी पाठ थोपटली – "कारभारी, तुमच्यामुळे दवाखाना वाचला."

शनिवार, १६ मार्च

रविराज आला होता. एकटाच. मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय, म्हणून जुन्या रिपोर्टची प्रत पाहिजे होती. बाईंची चिठ्ठी आणली होती. मी प्रिंट दिला आणि कागद बाहेर येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आमच्या माणसाकडून चूक झाली, राग धरू नका."

तो म्हणाला, "कोणाकडून? सरिताला मीच सांगितलं. फोन करून. लग्न करून तिला फसवायचं नव्हतं मला. घरी सांगायची हिंमत नव्हती, म्हणून अण्णा इथे येऊन ओरडले तरी गप्प राहिलो." कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली. जाता जाता दारात थांबला.

"त्या ओरडण्याने इथं कोणाला काही त्रास तर नाही ना झाला, काका?"